वारस नसलेल्या खिडक्या

घोडेगावचा कांदाबाजार मागे टाकून गाडी शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना रसवंत्या सुरू होतात. लाकडी घाण्याला जुंपलेला बैल गोल फिरत असतो, घुंगरे वाजत असतात आणि एखादा पोरगा थेट रस्त्यावर येऊन गाड्यांना हात करत असतो. नगरकडच्या माणसाला हे नवे नाही. (२०२४ पासून नगर म्हणायचे नाही, अहिल्यानगर म्हणायचे, जिभेला अजून सवय व्हायची आहे.) गेल्या महिन्यात आम्ही तिघे त्या रस्त्याने गेलो. मी, माझे एक जुने खातेदार आणि त्यांची मुलगी. गाडी मुलगी चालवत होती.

या खातेदारांचे नाव देत नाही, कारण 'नाव छापू नका साहेब' असे त्यांनी निघतानाच बजावले होते. त्यांना मिस्त्री म्हणू या. मीही त्यांना तीस-बत्तीस वर्षे तेच म्हणत आलो आहे. पुण्याच्या पूर्व भागात त्यांचे रंगीत काचांच्या खिडक्यांचे काम चालते. इंग्रजीत स्टेन्ड ग्लास म्हणतात ते. आजोबा बंगल्यांना आणि चर्चना साधी तावदाने बसवत. वडिलांनी चर्चच्या खिडक्या दुरुस्त करता करता शिशाच्या पट्टीत काच बसवण्याची विद्या उचलली. मिस्त्री तिसऱ्या पिढीचे. ते वर्षातून एकदा शनीला तेल वाहायला जातात. मला शनीचे फारसे कळत नाही. मी गेलो तो गाव पाहायला, आणि खरे सांगायचे तर एक बँक पाहायला.

शिंगणापूरच्या घरांना चौकटी आहेत पण दारे नाहीत, हे वाचकांना ठाऊकच आहे. रात्री कुत्री-मांजरे शिरू नयेत म्हणून कोणी फळी आडवी लावतो, कोणी पडदा सोडतो. खुद्द देवालाही छप्पर नाही. चौथऱ्यावर उभी काळी शिळा उघड्यावर ऊन-पाऊस खात असते. अशा गावात २०११ च्या जानेवारीत युको बँकेने शाखा उघडली आणि 'कुलूप नसलेली बँक' म्हणून ती देशभर गाजली. गावाची श्रद्धा दुखवू नये म्हणून दर्शनी बाजूला पारदर्शक काचेचे दार आणि ते बंद राहावे म्हणून सहज न दिसणारे, दुरून चालणारे चुंबकी कुलूप, अशी तोड काढल्याचे तेव्हा छापून आले होते.

ज्याने आयुष्यातली चौतीस वर्षे तिजोरीच्या चावीच्या ओझ्याखाली काढली, त्याला या बातमीचे काय वाटले असेल याची कल्पना करा. आमच्याकडे तिजोरीला दोन चाव्या. एक व्यवस्थापकाकडे, एक रोखपालाकडे. दोघे मिळाल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. रजेवर जायचे तर चावी सोपवल्याची नोंद रजिस्टरात. मी एकदा सासऱ्यांच्या तेराव्याला चावी खिशात घेऊन बसलो होतो, कारण सोपवून घेणारा माणूस आला नव्हता. आणि इथे एका बँकेने दिसणारे कुलूपच काढून टाकले! गावाची श्रद्धा पक्की आणि देवस्थानाची उलाढाल मोठी, तेव्हा नियमाला वाट सापडली. मी तक्रार करत नाही. तोड हुशारीची होती. पण नियम वाकू शकतो, हे मला त्या बातमीने पहिल्यांदा नीट कळले, आणि तेव्हा मला मिस्त्री आठवले.

१९९३ सालची गोष्ट. मी पुण्यातल्या एका शाखेत कर्जविभागात होतो. मिस्त्री चाळीस हजारांच्या कर्जासाठी आले होते. त्यांना विजेची एक छोटी भट्टी घ्यायची होती. मी म्हणालो, काच कापता, शिशात बसवता, भट्टी कशाला? त्यांनी समजावले. ते ऐकण्यासारखे आहे म्हणून इथे सांगतो.

काचेतला रंग दोन प्रकारचा. एक काच वितळतानाच मिसळलेला. कोबाल्टने निळी, तांब्याने हिरवी किंवा लाल, सोन्याच्या अंशाने माणकासारखी गुलाबी. ती काच कारखान्यातून तशीच येते. दुसरे काम खिडकीवाल्याचे. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या, अक्षरे ही काचेवर लोखंडाच्या भस्माच्या रंगाने रेखायची आणि काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवायची, म्हणजे रेघ काचेत मुरते. चांदीचा क्षार काचेच्या पाठीला लावून भाजला तर पिवळा रंग उतरतो. चौदाव्या शतकापासून युरोपात ही युक्ती चालत आली. 'स्टेन्ड' हा शब्द मुळात या पिवळ्या डागामुळे पडला. मग पूर्ण मापाच्या कागदी चित्रावर तुकडे जुळवायचे, दोन तुकड्यांमध्ये शिशाची खाचेची पट्टी घालायची, सांध्यांना डाग द्यायचा आणि पट्टीच्या फटीत जवसाचे तेल, खडूपूड आणि काजळी यांची लांबी घासून भरायची, म्हणजे पाऊस आत येत नाही.

भट्टी नसेल तर खिडकीवाला अर्धाच. तो साध्या रंगीत तुकड्यांची नक्षी करील, जुन्या खिडकीचे शिसे बदलील, पण फुटलेला चेहरा त्याला पुन्हा रेखता येणार नाही.

मी पाहणीला गेलो. भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबलावर खिडकी पसरलेली, मागच्या खोलीत संसार. मिस्त्रींची बायको टेबलाशी वाकून ब्रशने लांबी घासत होती. मला पाहून तिने हात धुतले, खूप वेळ धुतले, आणि चहा टाकला. सहा वर्षांची मुलगी रंगीत काचेचा तुकडा डोळ्याला लावून माझ्याकडे पाहत होती. मी चहा घेतला, शाखेत परतलो आणि अर्जावर शेरा मारला : तारण नाही, जागा भाड्याची, जामीनदार अपुरे, धंदा एकाच माणसाच्या हातावर, कुटुंबातील अन्य कोणी धंद्यात नाही. आमच्या भाषेत 'वन मॅन शो'. अर्ज नामंजूर झाला. मंजूर करून घेता आला असता का? वरच्यांशी थोडे भांडलो असतो, जामीनदार बदलून आणायला सांगितले असते, तर आला असता असे मला आज वाटते. निदान शेवटचे वाक्य खोटे होते. ज्या बाईच्या हाताची लांबी वाळायची होती, तिच्याच हातचा चहा पिऊन मी ते लिहिले.

हे सगळे आज उगाळण्याचे कारण मुंबईच्या खिडक्या.

कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ साली खुले झाले. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचे ते स्मारक. त्याच्या पूर्व-पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या इंग्लंडच्या न्यूकॅसल गावातल्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. हे वेल्स मूळचे किराणा-चहाचे व्यापारी. दुकानामागच्या परसात त्यांनी छोटी भट्टी घातली, आधी मीनाकामाच्या वस्तू भाजून विकल्या, मग खिडक्यांकडे वळले आणि पुढे पाऊणशे माणसे कामाला ठेवण्याइतके वाढले. त्यांच्या पश्चात धंद्यावर जावयाचे नाव लागले. परसातली भट्टी! मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. वेल्सना तेव्हा कोणी पतपुरवठा केला की नाही, कोण जाणे. पण माझ्यासारखा अधिकारी त्यांच्या वाट्याला आला असता तर अफगाण चर्चला साधी तावदाने लागली असती.

राजाबाई टॉवर आणि त्याखालचे विद्यापीठाचे ग्रंथालय १८७८ चे. आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा, जे मुंबईला कधी आलेच नाहीत, आणि पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. बँकवाल्यांना प्रेमचंदांचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. कापसाच्या तेजीत शेअरांच्या कागदावर सढळ हाताने कर्जे दिली गेली, तेजी ओसरली आणि १८६८ साली बँक ऑफ बॉम्बेचा बाजार उठला. त्या काळातले तारण आज कोठे आहे? शेअर रद्दीत गेले, बँक गेली. आईच्या नावाचा मनोरा आणि त्याखालच्या खिडक्या मात्र राहिल्या.

या इमारतींच्या दगडी कामातून इकडे कसब रुजले. व्हीटी स्थानकाच्या नक्षीत जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे हे प्रसिद्धच आहे. दगड इथलाच, पाथरवट इथलेच, आणि देवळांमुळे त्यांना कामाचा तोटा नव्हता. खिडक्या मात्र पेट्यांत भरून बोटीने आल्या आणि बसवल्या गेल्या. बसवणाऱ्याला बसवण्यापुरतेच शिकवले. भट्टी तिकडेच राहिली.

इथे एक हिशेब मांडतो. शिशाच्या पट्टीचे आयुष्य साधारण शंभर वर्षांचे धरतात. नंतर शिसे थकते, चिरते, खिडकीला पोट सुटते आणि काच सुटू लागते. आधाराला घातलेल्या लोखंडी सळ्या मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत गंजून फुगतात आणि दगड फोडतात. तेव्हा खिडकी संपूर्ण उतरवून, तुकडा न् तुकडा सुटा करून, पुसून, नव्या शिशात बसवावी लागते. म्हणजे आजोबांनी केलेली खिडकी नातवाने किंवा पणतूने उतरवायची. मधल्या माणसांनी इतर कामांवर पोट भरून विद्या जिवंत ठेवायची. कोणत्याही एका माणसाचे आयुष्य या कामाला पुरत नाही. म्हणून युरोपात हा धंदा घराण्यांतून चालला. क्लेटन अँड बेल ही लंडनची पेढी १८५५ ची. त्यातल्या आल्फ्रेड बेल यांच्या मागे मुलगा, नातू आणि पणतू अशा चार पिढ्यांनी ती चालवली. जर्मनीत म्युनिकच्या मायर घराण्याचा कारखाना १८४७ चा, आज पाचव्या पिढीच्या हातात आहे. त्यांच्या एका जावयाने, त्सेटलरने, १८७० साली वेगळी चूल मांडली होती. १९३९ मध्ये दोन्ही घरे पुन्हा एक झाली. आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखेच हे, फक्त शेवट बरा.

मायर टिकले कसे, हे आपल्या कामाचे आहे. सुरुवात केली ती चर्चसाठी मूर्ती आणि वेदी घडवण्याने, मग खिडक्या, पुढे चिनीमाती-काचेच्या तुकड्यांची भित्तिचित्रे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत २०१७ साली खुल्या झालेल्या बहात्तराव्या रस्त्याच्या स्थानकावर व्हिक म्युनिझ या चित्रकाराची माणसाएवढी चित्रे आहेत, ती मायरांच्या कारखान्यात जुळवलेली. नव्या कामाच्या पैशावर जुने हात राखले. ज्यांना असे जमले नाही ते गेले. हीटन, बटलर अँड बेन ही गाजलेली पेढी १९५३ साली बंद झाली. आणि क्लेटन अँड बेलचा शेवटचा बेल वारला १९९३ मध्ये, म्हणजे मी मिस्त्रींच्या अर्जावर शेरा मारला त्याच वर्षी. नुसता योगायोग, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही.

काच पाठवणारी बहुतेक घरे बुडाली, शिशाचे वय संपले आणि खिडक्या आपल्याकडे राहिल्या. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाची दुरुस्ती २०१५ साली पुरी झाली. तिथल्या काचांच्या कामात स्वाती चांदगडकर यांचे नाव आदराने घेतात. २०१८ साली मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. मान मिळाला की पाहणी होते, पाहणी झाली की दुरुस्ती ठरते आणि दुरुस्ती ठरली की माणसे शोधावी लागतात. ती बोटांवर मोजण्याइतकी. चांदगडकरांसारखी चित्रकलेच्या वाटेने आलेली थोडी, आणि मिस्त्रींसारखी चर्चच्या मागल्या दाराने आलेली थोडी.

मिस्त्रींनाही एका जुन्या इमारतीचे काम मिळाले होते. शिसे बदलण्याचे. त्यांनी ते उत्तम केले. पण रेखलेले तुकडे दुसरीकडे गेले, कारण मिस्त्रींना भट्टीचे काम येत नव्हते. हे त्यांनी मला शिंगणापूरच्या वाटेवर, सुप्याजवळ चहा पिताना सांगितले. आवाजात राग नव्हता. 'तेव्हा भट्टी आली असती तर हात बसला असता, साहेब. पन्नाशीत हात बसत नाही.' मी चहाचा कप उगाच फिरवत राहिलो.

आपल्या मराठी मुलखात काचेचे घराणे नव्हतेच असे नाही. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील माझ्या आजोळी ओसरीवर टांगलेला असे. तळेगावला तर त्याआधी, १९०८ साली, घरोघर पैसा पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. पण कारखाना वेगळा आणि कार्यशाळा वेगळी. कंदिलाची काच फुटली की बाजारातून दुसरी आणायची. वीज आली, कंदील गेला आणि कारखान्याची गरजच सरली. खिडकी फुटली तर बाजारात दुसरी मिळत नाही, तीच दुरुस्त करावी लागते. हे गिऱ्हाईक शंभर वर्षांनी का होईना, परत येते. तेव्हा घरात कोणी असायला हवे एवढेच.

मग आज सरकार आणि बँका काय करतात? बँकांच्या बाजूने आधी बोलतो, कारण मी तिथलाच. २०१५ पासून मुद्रा कर्जे आली, तारणाविना. मिस्त्रींच्या मुलीने २०१९ साली त्यातूनच भट्टी घेतली. शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने कागद पाहिले, जागा पाहिली आणि पंधरा दिवसांत पैसे दिले. मला त्या मुलाचा हेवा वाटला.

२०२३ च्या सप्टेंबरात पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडले की दोन लाख, तारण नाही, शिवाय प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी मदत. योजना चांगली आहे. पण तिच्यात अठरा धंद्यांची यादी आहे. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, न्हावी, धोबी, शिंपी, अगदी कुलूप बनवणारासुद्धा आहे. (शिंगणापुरात त्याचे काय चालणार, असे मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच हसले.) काचवाला नाही. आणि दुसरी अट अशी की लाभ एका कुटुंबात एकालाच. ज्या धंद्यात बाप कापतो, आई घासते आणि मुलगी रेखते, तिथे कारागीर किती? योजनेच्या लेखी एक. माझ्या १९९३ च्या शेऱ्यातही एकच होता.

भौगोलिक मानांकनाचेही तसेच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली मानांकन मिळाले. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी वाद्ये घडवू लागली आणि ती पिढ्यान् पिढ्या गावाची ओळख झाली. मान योग्यच होता. पण बोटीतून आलेली विद्या कोणत्या गावची म्हणायची? ती पुण्याची नाही, मुंबईची नाही, न्यूकॅसलची तर आता राहिलीच नाही.

तिसरी अडचण निविदांची. जुन्या इमारतीची दुरुस्ती बांधकामाचे कंत्राट म्हणून निघते. तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, अनामत आणि शेवटी सर्वांत कमी दर. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून खरेदीचा पंचवीस टक्के वाटा ठरलेला आहे, त्यात तीन टक्के बायकांच्या उद्योगांचा. ऐकायला छान. पण हे धोरण वस्तू आणि सेवांना लागू, बांधकामाच्या कंत्राटांना नाही. म्हणून मोठा कंत्राटदार काम घेतो आणि खिडक्यांचा तुकडा तोडून मिस्त्रींसारख्याला देतो. त्यात कंत्राटदाराला दोष देत नाही. तो जोखीम घेतो. पण खिडकीचे काम घाईत, पावसाच्या आत, सिमेंटवाल्याच्या वेळापत्रकाने होते आणि पुढच्या निविदेत अनुभव कंत्राटदाराचा मोजला जातो. कोणी म्हणेल, निविदा नकोत तर काय ओळखीने कामे द्यायची? मुळीच नाही. काचकाम बांधकामातून वेगळे काढा, त्याची वेगळी निविदा काढा आणि उलाढालीऐवजी केलेली खिडकी पाहा. एवढेसे करायला कायदाही लागू नये.

या घरगुती धंद्याचे मी फार गोडवे गाऊ नयेत, हेही खरे. शिसे विष आहे. मिस्त्रींच्या वडिलांना पोटात कळा येत, हात थरथरत. कैक वर्षे घरच्यांनी ते करणीवर ढकलले, डॉक्टरांनी शिशाची बाधा सांगितली तेव्हा उशीर झाला होता. जिथे स्वयंपाक तिथेच शिशाची धूळ, ही कसली परंपरा? त्या बाई चहाआधी इतका वेळ हात का धूत होत्या ते मला तेव्हा कळले नव्हते. मुलीने आता कामाची जागा घरापासून वेगळी केली आहे, धूर ओढणारा पंखा बसवला आहे आणि दर वर्षी रक्त तपासून घेते.

आणि वारस म्हणून तिचे नाव घरातही सहज आले नाही. मिस्त्रींनी डोळे लावले होते मुलाकडे. तो संगणकाच्या नोकरीत रमला, परदेशी गेला. मुलगी चित्र काढायची, काच कापायची, पण ती 'हातभार लावते' असे म्हटले जायचे. वेल्सच्या पाटीवर जावयाचे नाव आले, मायरांच्या घरातूनही जावयाने पेढी काढली. मुलींनी किती लांबी घासली असेल ते कोण लिहून ठेवतो? २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आणि मोठ्या आंदोलनानंतर शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता आले. मिस्त्री तेव्हा नाराज होते, असे मुलगीच हसत सांगते. 'मग त्याच वर्षी त्यांना चिकुनगुन्या झाला आणि एक ऑर्डर अर्धी पडली. ती मी पुरी केली. दोन्ही गोष्टी एकदमच गिळल्या त्यांनी.' मिस्त्री पुढच्या सीटवर गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, 'पाटी बदलली ना मी?' बदलली आहे. पाटीवर आता दोघांची नावे आहेत.

दर्शन झाले. मिस्त्रींनी तेल वाहिले. मग आम्ही ती शाखा पाहायला गेलो. मी दाराकडे बँकवाल्याच्या नजरेने पाहत होतो, ती काचवालीच्या. बोटाने कड तपासून म्हणाली, 'टफन काच आहे, काका. मजबूत असते. पण एकदा भाजून निघाली की कापता येत नाही, डागडुजी होत नाही. फुटली की सगळीच फुटते, बारीक खडे होतात.' मग ती चुंबकी कुलूप कुठे असेल ते शोधू लागली आणि आतल्या शिपायाने आमच्याकडे संशयाने पाहिले तेव्हा आम्ही निघालो.

परतताना रसवंतीवर थांबलो. रस येईपर्यंत तिने पिशवीतून एक फाईल काढली. एका जुन्या इमारतीच्या मालकांनी काचकाम करणाऱ्यांची यादी करायला घेतली आहे. अर्ज भरायचा होता आणि मी एकदा नजर घालावी अशी तिची इच्छा होती. उलाढाल, कामांची छायाचित्रे, मुद्रा कर्जाच्या परतफेडीचा दाखला, सगळे व्यवस्थित होते. एकच रकाना रिकामा. 'संस्था केव्हापासून कार्यरत, लेखी पुराव्यासह.' आजोबांच्या काळचा कागद नाही. भाडेपावत्या पुरात गेल्या. नोंदणी अलीकडची.

'एक कागद आहे,' मिस्त्री म्हणाले आणि फाईलच्या अगदी शेवटच्या कप्प्यातून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेले पत्र काढले. बँकेच्या नावाचा कागद, १९९३ ची तारीख, मध्ये त्यांच्या दुकानाचे नाव आणि पत्ता टंकलेला. आपला कर्जाचा अर्ज विचारात घेता येत नाही. खाली गोल शिक्का आणि माझी सही, तेव्हाची, जरा मोठ्या वळणाची.

'हे चालेल का, काका?' तिने विचारले. 'की नामंजुरीचं पत्र बघून उलट मत होईल?'

मी पत्र उलटसुलट करून पाहिले. तारीख स्पष्ट होती, पत्ता स्पष्ट होता, शिक्का पुसट पण वाचता येण्याजोगा.

'जोड,' म्हटले. 'आणि मूळ प्रत देऊ नकोस. झेरॉक्स दे.'

तिने फाईल मिटली, नळावर जाऊन हात धुतले, पुन्हा एकदा धुतले आणि मग रसाचा पेला उचलला.